दार तिचं, मशीन त्याचं

जुने फ्रिज दुरुस्त करणारं त्या गल्लीत एकच दुकान होतं, आणि ते चालवणाऱ्या माणसाला सगळी गल्ली थंडोबा म्हणायची. तोंडावर नाही हो, पाठीमागे. धंदा थंडाव्याचा आणि स्वभावही तसाच, मग दुसरं काय म्हणणार? घाई कशाशी खातात हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. एक स्क्रू हातात घेतला की आधी त्याच्याकडे बघायचा, मग पुसायचा, मग तेलाचा थेंब सोडायचा, मग उगाच जरा थांबायचा. तेवढ्या वेळात शेजारच्या किल्लीवाल्याच्या चार किल्ल्या कापून व्हायच्या आणि वर एक चहाही पिऊन व्हायचा.

पण हाताला गुण होता. नव्या फ्रिजांकडे थंडोबा ढुंकूनही बघत नसे. त्याच्याकडे यायचे ते म्हातारे. गोल खांद्यांचे, ठेंगण्या पायांवर उभे, मोटारीच्या दाराला शोभेल असं जाडजूड हँडल लावलेले. कुणी माळ्यावरून उतरवलेला, कुणी गोदामातून ओढत आणलेला. एकात तर मालकाने कोंबड्या पाळल्या होत्या आणि वर तोंड करून सांगत होता, "तसा चांगल्या स्थितीत आहे." असले फ्रिज थंडोबा उघडून बसायचा, आणि बऱ्याच दिवसांनी का होईना, ते पुन्हा बर्फ धरायचे.

दुकानात आणखी एक माणूस होतं, त्याची बायको. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणत, म्हणून आपणही काकूच म्हणू. कामाची वाटणी लग्न झालं तेव्हाच ठरली होती: दार तिचं, मशीन त्याचं. आता दार म्हणजे नुसती फळी असं समजू नका. जुन्या फ्रिजचं दार म्हणजे निम्मा फ्रिज. रबर कडक झालं की गारवा गळतो, बिजागरी झिजली की दार लोंबतं, आणि दार लोंबलं की मशीन बिचारं ऊर फुटेस्तोवर धावत राहतं. काकू नवं रबर कापायची, कोपरे जोडायची, बिजागऱ्या बसवायची, रंग काढून रंग द्यायची. शेवटी दारात कागदाची पट्टी धरून दार लावायची आणि पट्टी ओढायची. सहज सुटून आली, तर रबर नापास. फाटेल पण सुटणार नाही असं दार झालं, की तिचं काम संपलं.

त्याचं काम संपायची तऱ्हा वेगळी. मशीन चालू केलं की तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या डोक्यावर टेकवायचा, मूठ आपल्या कानामागच्या हाडावर दाबायचा आणि डोळे मिटायचा. आत काय घासतंय, काय अडखळतंय, सगळं त्याला कळायचं. त्या वेळी त्याच्या तोंडावर अशी काही माया पसरायची, की काकूच्या मनात यायचं, या पत्र्याच्या डब्याचं नशीब बघा, नाहीतर माझं बघा.

तिचं दुखणं नेमकं हेच होतं. हा माणूस मशीनचं सगळं ऐकत होता आणि तिचं काहीच ऐकत नव्हता.

पहिल्यापासून असा नव्हता हो. बोलायचा कमी, पण ऐकायचा मन लावून. ती दारापाशी बसून घडाघडा बोलायची, तो मशीनपाशी बसून हं हं करायचा, आणि मधेच असा एखादा प्रश्न विचारायचा की कळायचं, गड्याने एक शब्द खाली पडू दिलेला नाही. मग गेल्या दोन-अडीच वर्षांत काय बिनसलं, देव जाणे. हं हं राहिलं आणि प्रश्न गेले. दुकानात रेडिओ होता, तो त्याने एका गिऱ्हाइकाला देऊनच टाकला. का, तर म्हणे, "काय ती कटकट." अंथरुणाला पाठ टेकून ती दिवसभराचं काही सांगायला लागली, तर हा भिंतीकडे तोंड करून हूं नाही की चूं नाही. एकदा तर तिने मनाचा हिय्या करून म्हटलं होतं, "अहो, तुम्ही असे गप्प झालात की मला फार एकटं वाटतं." त्यावर हा काय म्हणाला असेल? म्हणाला, "उद्या बघू." उद्या बघू! आता यावर माणसाने काय बोलावं?

काकूचीही एक सवय होती, ती इथेच सांगितलेली बरी. किरकोळ गोष्टी ती त्याच्या तोंडावर बोलायची. चहा घेता का, पक्कड कुठे ठेवलीत, आज काय शिजवू, असलं सगळं समोरासमोर. पण मनातलं जड काही सांगायचं असलं की ती त्याच्या पाठीला सांगायची. तो फ्रिजच्या मागे डोकं खुपसून बसला की मग तिला धीर यायचा. समोर बघून बोलायला गेलं की तिला रडू फुटायचं, आणि रडत बोललेलं तिला स्वतःलाच आवडायचं नाही.

हे सगळं ती फोनवर ताईला सांगायची. ताई तिची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून दुसऱ्या गावात एकटीच राहायची.

"अगं, सगळे नवरे मेले तसलेच," ताई म्हणायची. "या कानाने ऐकतात नि त्या कानाने सोडून देतात."

"ऐकून सोडलं असतं तरी चाललं असतं गं, ताई."

"मग ये इकडे. एक खोली रिकामी पडलीय. दोघी बोलत बसू."

पहिल्यांदा काकूने ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा ती गप्प बसली. आणि मग एक दिवस, भांडण नाही, तंटा नाही, तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. भरल्या घरात एकटं बसण्यापेक्षा ताईच्या रिकाम्या खोलीत बोलत बसलेलं काय वाईट?

त्या दिवशी थंडोबा फ्रिजच्या मागे बसून नळी पुसत होता. काकू त्याच्या पाठीशी उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "शिंपीणबाईंचा हा फ्रिज झाला की मी ताईकडे जाते. राहायला. परत यायचं असं काही ठरवलेलं नाही."

निदान मागे वळून तरी बघेल, असं तिला वाटलं होतं. एवढ्या वर्षांचा संसार, एवढं तरी नको? त्याने नळीवरून फडकं फिरवलं. मागे कुणी उभं आहे एवढं जाणवल्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, "चालेल."

चालेल! एका शब्दात सगळा निकाल. काकू आत गेली, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाखाली पोटभर रडून घेतलं. मग डोळे पुसून बॅग भरली, कपाटात ठेवली आणि बाहेर येऊन पुन्हा दाराला लागली. कारण जायचं ठरलं तरी दार तिचंच होतं ना.

शिंपीणबाईंचं शिलाईचं दुकान पलीकडच्या रस्त्यावर. बाई बोलायला लागल्या की समोरच्याने फक्त मान डोलवायची. हा फ्रिज त्यांच्या वडिलांचा. वडील गेले, फ्रिज बंद पडला, आणि बाईंनी त्यात दोऱ्याची रिळं भरून ठेवली. आता त्यांना तो पुन्हा चालू हवा होता. म्हणाल्या, "काकू, दाराचा तो धप्प आवाज झाला की बाबा घरात आहेत असं वाटायचं हो." काकूने ते वाक्य मनात ठेवलं आणि दारावर जीव ओतला. आपलं हे शेवटचं दार, मग ते असं तसं कशाला सोडायचं? रबराचा कोपरा जमेना, तर तिने तो उसवून पुन्हा जोडला. रंगाचा हात घासून पुन्हा दिला. हँडल इतकं चकचकीत केलं की त्यात तोंड दिसावं.

ठरलेल्या दिवशी, शिंपीणबाई यायच्या जरा आधी, तिने कागदाची पट्टी दारात धरली. दार धप्प करून बसलं. तिने पट्टी ओढली आणि पट्टी फाटली. हातात उरलेला तुकडा काकूने घडी घालून कमरेला खोचला. कामात ती एवढी चांगली होती, आणि उद्यापासून हे काम तिचं नसणार होतं.

थंडोबाने मशीन चालू केलं. स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ हाडावर दाबली, डोळे मिटले. आतलं मशीन खरंच लोण्यासारखं चालत होतं. त्याच्या तोंडावर ती नेहमीची माया पसरली. समाधानाने त्याने स्क्रूड्रायव्हर काढून खिशात ठेवला.

आणि नेमकी त्याच वेळी फ्रिजच्या पाठीची जाळी मागच्या पत्र्याला लागली.

काय तो आवाज! ताटंवाट्यांची टोपली कुणी जिन्यावरून गडगडत सोडून द्यावी, तसा. खडखड, खडखड, थांबायचं नावच नाही. शेजारून किल्लीवाला ओरडला, "काकू, विमान उतरवताय काय दुकानात?"

थंडोबा फ्रिजच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर उभा होता. त्याने हसून काकूकडे बघितलं आणि हळूच, मूल झोपल्यावर बोलावं तसं म्हणाला, "ऐक ना. किती शांत चाललाय. चालू आहे हेसुद्धा कळत नाही."

काकूला वाटलं, थट्टा करतोय. पण मशीनच्या बाबतीत हा माणूस जन्मात थट्टा करणारा नव्हे. तिने त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तिथे थट्टा नव्हती. लेकराने पहिला नंबर काढल्यावर बापाच्या तोंडावर असतो तसला भाबडा आनंद होता, आणि मागे पत्रा बडवल्यासारखा वाजत होता.

ती सावकाश चालत त्याच्या पाठीमागे गेली. "अहो," ती म्हणाली. तो फ्रिजकडेच बघत राहिला. "अहो!" ती जरा मोठ्याने म्हणाली. त्याने हँडलवरचा नसलेला डाग पुसला.

रेडिओ. भिंतीकडे केलेलं तोंड. अंधारात न दिलेली उत्तरं. उद्या बघू. एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून सरकत गेली आणि शेवटी ते 'चालेल' येऊन उभं राहिलं. अरे देवा! या माणसाने आपल्याला जा म्हटलंच नव्हतं. आपण जातोय हेच त्याला ठाऊक नव्हतं.

एवढ्यात शिंपीणबाई दारात. "अगं बाई! हे काय, दळण घातलंय की काय?" म्हणत त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

थंडोबाने त्यांचे कानांवरचे हात बघितले. मग फ्रिजकडे बघितलं. मग काकूकडे. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव निघून गेला. काकूला ते बघवेना. तिने पुढे होऊन फ्रिजच्या मागे हात घातला, जाळी पत्र्यापासून ओढून लांब केली, आणि आवाज बंद झाला.

"माझीच चूक हो," ती शिंपीणबाईंना म्हणाली. "दार बसवताना मी फ्रिज हलवला, तेव्हा जाळी मागे लागली. मशीन यांचं अगदी बरोबर आहे. तेवढं नीट करून ठेवते, तुम्ही उद्या या."

"उद्या तर उद्या. मी काय त्यात ठेवायला दूध घेऊन उभी आहे?" शिंपीणबाई म्हणाल्या, दार एकदा उघडून धप्प करून लावून बघितलं, डोळ्याला रुमाल लावला आणि गेल्या.

थंडोबा स्टुलावर बसला.

"वाजत होता?" त्याने विचारलं.

काकूने मान हलवली.

"खूप?"

काकूने दोन्ही हात होते तेवढे पसरून दाखवले. तो कसनुसं हसला.

ती त्याच्या समोर जमिनीवरच बसली, आपलं तोंड त्याला नीट दिसेल अशी. "कधीपासून?"

त्याची नजर तिच्या ओठांवर होती. आता तिला कळलं, ही नजर गेली दोन-अडीच वर्षं तिथेच असायची. आणि तिला वाटायचं, हा आपल्याकडे नुसता शून्यात बघितल्यासारखा बघतो.

"रेडिओ दिला त्याच्या आधीपासून," तो म्हणाला. "आधी गाणी फाटल्यासारखी यायला लागली. मग नुसती खरखर. मग तीही गेली."

"आणि मशीन?"

"ते हाडातून येतं. कान गेला, हाड शाबूत आहे. म्हणून तर चाललं इतके दिवस. ऐकू न येणाऱ्या मेकॅनिककडे कोण फ्रिज टाकेल?"

"गिऱ्हाइकांचं सोडा. मला का नाही सांगितलंत?"

थंडोबाने उत्तर द्यायला वेळ घेतला. कुठलाही स्क्रू पिळायला घेतला नसेल एवढा वेळ घेतला.

"तू बोलायची थांबली असतीस," तो म्हणाला. "बहिऱ्यापाशी कोण बोलत बसतं? तू काय बोलतेस ते मला कळत नव्हतं गं, पण बोलतेयस हे दिसायचं. तिथे दारापाशी बसून हात हलवत बोलत असायचीस. मला तेवढ्यानं घरात असल्यासारखं वाटायचं."

काकूने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हणून मी सगळ्याला हो म्हणायचो," तो पुढे म्हणाला. "नाही म्हटलं तर तू का म्हणून विचारणार, आणि मग ते मला ऐकू येणार नाही."

इथे काकूला गप्प बसता आलं असतं. बॅग गुपचूप रिकामी केली असती तर त्याला जन्मात कळलं नसतं. पण एकमेकांपासून लपवून इथवर आलो, आता पुरे, असं तिला वाटलं. "तुम्ही परवा कशाला चालेल म्हणालात, ठाऊक आहे?" तिने विचारलं, आणि पुढचं सांगायला तोंड उघडलं तर व्हायचं तेच झालं. तिचे ओठ थरथरायला लागले. थंडोबा पुढे वाकून वाचायचा प्रयत्न करत होता, पण रडणारे ओठ वाचणार कसे?

"काय? परत सांग. काय म्हणालीस?"

ती उठली आणि सवयीने त्याच्या पाठीमागे गेली. पण या वेळी तशीच बोलली नाही. वाकून आपली हनुवटी तिने त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवली, घट्ट, आणि परवाचं सगळं वाक्य पुन्हा म्हणाली. फ्रिज झाला की ताईकडे जाते. राहायला. परत यायचं असं काही ठरवलेलं नाही.

त्याला ते ऐकू गेलं. तिच्या हनुवटीखाली त्याचं अंग ताठ झालेलं तिला कळलं.

"याला मी चालेल म्हणालो?"

तिने हनुवटी न उचलता मान हलवली.

"बॅग भरलीस?"

तिने पुन्हा मान हलवली.

थंडोबाने तिचा हात खांद्यावरून पुढे ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरला. तो आता राहा म्हणेल, असं तिला वाटलं. पण हा माणूसच तसला.

"मग जा तू," तो म्हणाला. "ताईकडे बरं वाटेल तुला. ती उत्तर देईल, तुझं ऐकेल. इथे आता बहिऱ्याला धरून काय बसायचं? मी नाही अडवणार. दाराचं कसंतरी बघेन मी."

बस्स. काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर हळू बोलणारी, गिऱ्हाइकाला कधी चढ्या आवाजात बोललेली नाही ती बाई, तरातरा चालत त्याच्या समोर आली, कंबरेवर हात ठेवले आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा दम लावून ओरडली,

"मी कुठेही जात नाहीये! कळलं? इथेच राहणार आहे! उद्या सकाळी तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे, आणि पुन्हा न ऐकता हो म्हणालात ना, तर याद राखा! आणि दाराला हात लावायचा नाही! दार माझं आहे!"

गल्ली चिडीचूप झाली. किल्लीवाल्याचं यंत्रसुद्धा थांबलं. मग पलीकडून त्याचा आवाज आला, "ऐकलं हो, काकू! आम्ही सगळ्यांनी ऐकलं!"

थंडोबा स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने कानात बोट घालून जरा हलवलं आणि म्हणाला, "अगं, ओरडतेस काय एवढी? मी काय बहिरा आहे?"

"आहात!" काकू म्हणाली, आणि रडता रडताच तिला हसू फुटलं. मग तिने दुसरं स्टूल ओढून त्याच्या समोर आणलं, त्याला तोंड नीट दिसेल असं बसली, आणि गेल्या दोन-अडीच वर्षांतलं सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.